तीन भोकांचे बूट

३ ऑगस्ट, रविवार

श्वेताचा पाय मोजला. उजवा २४१.४ मिलिमीटर, डावा २४०.८. आलेखाच्या कागदावर उभी केली, भोवती पेन्सिल फिरवली आणि कारखान्यातून आणलेला मोठा व्हर्नियर लावला. "पप्पा, बूट घ्यायचेत, डाय नाही बनवायची," म्हणाली. स्वयंपाकघरात मालन हसली. हसू देत. माप चुकलं की पुढचं सगळं चुकतं, हे या घरात मला एकट्यालाच कळतं.

आमच्या टूलरूममध्ये प्रत्येक जॉबची वेगळी वही असते. काय करायचं, कुणी केलं, कुठे अडलं, सगळं तारीख घालून. मरोळच्या एमआयडीसीत सव्वीस वर्षं मी तसंच लिहीत आलोय. म्हणून एक कोरी वही घरी आणली. जॉब : श्वेताचे बूट.

आता जॉब काय ते. पोरगी सतरा वर्षांची, ज्युनियर गटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. नोव्हेंबरात जिल्ह्याची निवड चाचणी आहे. पहिल्या चार मुली राज्याच्या शिबिराला जाणार. पुढच्या वर्षी ती मोठ्यांच्या गटात जाईल, तिथे पंचविशीतल्या मुरलेल्या बायका, नव्या पोरीला कोण विचारतंय. म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी. तिची रोड बाइक आम्ही गेल्या वर्षी मुलुंडच्या एका माणसाकडून घेतली. जुनी, पण मी सगळी उघडून, साफ करून बसवलेली. तिला क्लिपलेस पेडल आहे. नाव क्लिपलेस आणि बूट त्यात खटकन अडकतो, असली नावं कोण ठेवतं कुणास ठाऊक. बुटाच्या तळाला धातूचा एक तुकडा बसवतात, त्याला क्लीट म्हणतात. ती पेडलमध्ये अडकली की पाय वर ओढतानाही जोर लागतो, आणि टाच बाहेर फिरवली की सुटते. सायकलीबरोबर पेडल आलं, बूट आले नाहीत. पोरगी कॅनव्हासचे बूट घालून चालवते आणि पाय घसरतो.

तिचे कोच अनिरुद्ध सर आरेच्या रस्त्यावर पहाटे सहा-सात पोरांना शिकवतात. त्यांनी परवा निरोप दिला, आधीच्या एका मुलीचे जुने बूट माझ्याकडे पडून आहेत, श्वेताच्या पेडलला बसतात, पायही तेवढाच, घेऊन जा. मी नको म्हणून सांगितलं. श्वेता म्हणाली, "पप्पा, सायकलपण जुनीच आहे की." म्हटलं, सायकल अंगाला लागत नाही. दुसऱ्याचे घातलेले बूट माझी पोरगी घालणार नाही.

का ते इथे लिहितो, कारण ही वही कुणी वाचणार नाही. मी पाचवीत असताना बापाने, दशरथने, गावच्या मास्तरांच्या घरून त्यांच्या पोराचे जुने बूट आणले. हौसेने शाळेत घालून गेलो. त्या पोराने भर वर्गात बोट दाखवलं, "ते माझे आहेत." शाळा सुटेपर्यंत मी पाय बाकाखाली ओढून बसलो. दुसऱ्या दिवसापासून अनवाणी. बापाला कारण सांगितलं नाही, मालनलाही सांगितलेलं नाही. इथे लिहिलं, विषय संपला.

१० ऑगस्ट, रविवार

अंधेरीला सायकलीच्या मोठ्या दुकानात गेलो. श्वेताला नेलं नाही, तिला अचानक द्यायचे होते. काउंटरवर तेजल नावाची मुलगी होती, छातीवर पाटी. मी आलेखाचा कागद पसरला तशी बघतच राहिली. म्हणाली, "काका, असं माप घेऊन आजवर कुणी आलं नाही." आवडलं मला.

मग विचारलं, "पेडल दोन बोल्टच्या क्लीटचं आहे की तीन? फोटो आहे का?" म्हटलं, रोड बाइक आहे. "मग बहुतेक तीनच असणार, पण खात्री करून घ्या हां. रस्त्यावर घालायच्या आधी सात दिवसांत बदलून देऊ." मी बरं बरं म्हटलं. पेडलचं काय बघायचं, पाय मोजलाय ना. पांढरे, वर निळी पट्टी, अडतीस नंबर, टाच हातात धरली तर जराही दबत नाही. झकास माल.

संध्याकाळी. बसत नाहीत. म्हणजे पायाला असे बसलेत की पोरगी आरशासमोरून हलेना. पण तळाला त्रिकोणात तीन भोकं आहेत, आणि आमच्या पेडलला जी क्लीट लागते ती बोटाएवढी छोटी, शेजारी-शेजारी दोन बोल्टांवर बसणारी. तीनचं दोनवर बसत नाही. मी तासभर उलटं-सुलटं करून पाहिलं.

श्वेता म्हणाली, "बदलून आणू या ना. नाहीतर पेडल बदलू, बूट छान आहेत." म्हटलं, चांगलं चालणारं पेडल काढून फेकायचं काय? आणि परत जाऊन त्या मुलीला काय सांगू, की पायाचं माप मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत घेतलं आणि पेडल बघितलंच नाही? सव्वीस वर्षांत माझा एक जॉब रिजेक्ट होऊन परत आलेला नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

तोडगा निघाला. मध्ये एक प्लेट टाकायची. प्लेट बुटाला तीन बोल्टांनी, आणि क्लीट प्लेटला दोन बोल्टांनी. असल्या प्लेटा बाजारात मिळतात म्हणे. मिळू देत. मी बाजारापेक्षा बरी बनवीन.

जेवणाच्या सुट्टीत खंडूच्या मिलिंगवर तीन मिलिमीटर ॲल्युमिनियमचे दोन तुकडे कापले. खंडू माझ्याबरोबरच लागलेला, तोंडाचा फाटका. म्हणाला, "तीन मिलिमीटरात आटे किती मिळणार तुला? पावणेचार. पोरगी पाय फिरवणार, ओढणार. स्टील घे नाहीतर जाड घे." म्हटलं, जाड घेतलं तर पाय उंच होतो, स्टील घेतलं तर जड. माझ्या पोरीच्या पायाला लोखंड बांधू काय? "तू शहाणा," म्हणाला आणि डबा उघडून बसला.

प्लेट सुंदर झाली. कडा हाताने, कानशीने मारल्या. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत 'श्वेता' पंच केलं.

१७ ऑगस्ट, रविवार

दुकानाचे सात दिवस आज संपले. संपू देत, गरज नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

आमच्या वाकोल्याच्या बिल्डिंगखाली चाचणी घेतली. मी सायकल धरली, तिने बूट अडकवले. खट, खट. काय गोड आवाज. सुटतानाही सुटले. वॉचमनसुद्धा बघायला आला.

श्वेता म्हणाली, "पप्पा, उजवा सोडताना आधी सगळी प्लेटच हलल्यासारखी वाटते, मग सुटतो." ॲलन की घेऊन उजव्या क्लीटचे दोन्ही बोल्ट आवळले. पुढच्या बोल्टला शेवटच्या पाव फेऱ्याला हाताला जरा मऊ लागलं. मग थांबलो. घट्ट आहे. सवय झाली की हलल्यासारखं वाटणार नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

श्वेता म्हणाली, "सर म्हणतायत, प्लेट एकदा काढून नीट बघा." म्हटलं, सरांना सांग, तुम्ही पोरांकडे बघा, लोखंडाचं मी बघतो. तिने मालनकडे बघितलं आणि आंघोळीला गेली.

१४ सप्टेंबर, रविवार

आरेच्या चढावर आज तिची वेळ गेल्या महिन्यापेक्षा चाळीस सेकंदांनी कमी आली. सरांनीच फोन करून सांगितलं. म्हणाले, बुटांमुळे पाय चांगला चालतोय तिचा. मी म्हणालो, मग, म्हटलं नव्हतं? सर "हो हो" म्हणाले आणि घाईत फोन ठेवला. चुकलं की माणूस घाईत असतो.

रात्रपाळीवाल्या गण्याला, खंडूला, सगळ्यांना सांगितलं. खंडूला म्हटलं, पावणेचार आटे बघ काय करतायत.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. टूलरूममध्ये मशिनांना झेंडूच्या माळा, पेढे. माझ्या बाजूला पूजा नसते, मी दरवर्षी फक्त माझी हत्यारं तेल लावून पुसतो, आणि साहेब दरवर्षी माझाच खण सगळ्यांना दाखवतात.

घरी आल्यावर श्वेताचे बूटही पुसले. दर रविवारी पुसतोच, आज जादा. लिहिण्यासारखी गोष्ट म्हणजे, सहा आठवडे रोज तीस-चाळीस किलोमीटर, आणि क्लीटवर ओरखडा नाही. टोकाला जिन्याचं थोडं घासलंय तेवढंच. फिटिंग इतकं अचूक असलं की घर्षणच होत नाही. मोबाइलवर फोटो काढून खंडूला दाखवला. त्याने तो बराच वेळ मोठा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "चल, पेढा खा."

२६ ऑक्टोबर, रविवार

तिची सॅक फार जड झालीय. पहाटे जिना उतरताना मी धरायला गेलो तर ओढूनच घेतली. "पाणी आहे पप्पा, आणि कपडे." एवढं पाणी पीत असेल तर चांगलंच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

चाचणी पुढच्या रविवारी. मुलुंडहून ऐरोलीचा पूल ओलांडला की पलीकडे सरळ रस्ता लागतो, त्याचा एक तुकडा सकाळी बंद ठेवणार आहेत. एकेकटीने सुटायचं, दहा किलोमीटर जायचं, वळायचं, परत यायचं. घड्याळाशी शर्यत.

मी येतो म्हटलं. श्वेता म्हणाली, "नका येऊ पप्पा. कंटाळाल. तुम्हाला एकच तर सुट्टी असते." किती काळजी पोरीला. मालनपण म्हणाली, "राहू द्या हो, तुम्हाला बघून ती बावरते." माझ्या वेळी माझं काही बघायला कधी कुणी आलं नाही. मी गप्प बसलोय, पण जाणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

हॉस्पिटलातून लिहितोय. वही का बरोबर आहे तेही कळत नाही. वेळ लिहायला घेतली होती. तिची वेळ.

पहाटे ती सरांच्या गाडीतून गेली, मागून मी बसने निघालो. थर्मासमध्ये चहा, डब्यात मालनने केलेला शिरा. मालनने डबा देताना परत विचारलं, "जायलाच पाहिजे का?"

पोचलो तेव्हा श्वेता फुटपाथच्या कडेला बसून बूट घालत होती. मला बघितलं आणि दचकली. पटकन काहीतरी सॅकमध्ये कोंबलं. मग हसली. "आलात?" म्हणाली. मी शिरा पुढे केला, तिने एक घास खाल्ला. मी तेवढ्यात चहा काढत होतो, मान वर केली तर माझे पांढरे बूट घालत होती. अनिरुद्ध सर लांबून आले. "श्वेता," एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "असू दे सर." मला वाटलं, शिऱ्याबद्दल बोलतायत.

मी सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसलो, खिशातली ॲलन की काढली आणि उजव्या बुटाचा पुढचा बोल्ट आणखी पाव फेरा दिला. शेजारचे एक पालक बघत होते. मी त्यांना सांगितलं, प्लेट मी बनवलीय.

ती सुटायच्या आधी सरांनी मला गाडीतून वळणाशी नेलं. वळणापर्यंत ती तिसरी होती. सरांच्या घड्याळात मी स्वतः बघितलं. वळणावर वेग कमी केला, मुली तिथे पाय जरा सोडून तोल घेतात. तिने पाय फिरवला. दुरूनही दिसलं, टाच बाहेर गेली, पार बाहेर गेली, बूट फिरला आणि सुटलाच नाही. सायकलीसकट उजव्या खांद्यावर पडली. आम्ही पळालो तोवर पाय पेडललाच. दोघांनी धरूनही बूट निघेना. शेवटी सरांनी बुटाची पट्टी सोडली आणि पाय बाहेर काढला. बूट पेडलवर तसाच लटकत राहिला.

कॉलरबोन मोडलंय, दोन तुकडे. डॉक्टर म्हणतात, सहा आठवडे हात गळ्यात. पोरगी रडली नाही. मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही चहा प्यायलात का?"

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वळणावर वाळू होती. आयोजकांनी झाडायला नको होती? अनिरुद्ध सरांना फोन केला आणि वाट्टेल ते बोललो. वळायचं कसं ते शिकवलं नाही, रस्ता बघितला नाही, पोरीची वाट लावली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "श्वेताला बरी होऊ द्या साहेब, मग बोलू." असला मिळमिळीत माणूस.

यादी लागली. जी चौथी आली तिची वेळ श्वेताच्या सरावातल्या वेळेपेक्षा सव्वा मिनिटाने जास्त आहे. मी तीनदा वजाबाकी केली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज उजवा बूट उघडला. सहा दिवस पिशवीत बांधून माळ्यावर टाकला होता. वाळू होती म्हणून सांगत फिरत होतो, पण बूट काही उघडत नव्हतो. का उघडत नव्हतो ते मला माहीत होतं.

पुढच्या बोल्टचे आटे साफ गेलेत. बोल्टला ॲल्युमिनियमची तार गुंडाळून आली, केसाएवढी. एक बोल्ट गेला की क्लीट दुसऱ्याभोवती फिरते, टाच कितीही वळवा, ती नुसती फिरत राहणार, सुटणार नाही. कारखान्यात पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे कळतं.

मग ही वही मागे उलटली. २४ ऑगस्ट. 'हाताला जरा मऊ लागलं.' माझंच अक्षर. आवळताना मऊ लागलं म्हणजे आटे सुटतायत, हे मी आजवर किती पोरांना थोबाडीत मारल्यासारखं शिकवलंय. हाताला कळलं होतं. हातानेच लिहूनही ठेवलं. आणि रविवारी सगळ्यांच्या देखत त्यावर आणखी पाव फेरा दिला.

मी पोरीचं हाड मोडलं. वाळूने नाही, सरांनी नाही. या वहीत खोटं लिहिणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

लिहिलं ते कमी होतं.

तिची सॅक धुवायला काढली. खालून बूट निघाले. काळे, जुने, अडतीस नंबर, तळाला दोन बोल्टची क्लीट. आत टेपवर पेनाने दुसऱ्याच कुणाचं तरी नाव खोडून 'श्वेता' लिहिलेलं. क्लीट इतकी घासलेली की कडा गोल झाल्यात. बोटाला चकचकीत लागते.

मी बराच वेळ दोन्ही जोड्या समोर ठेवून बसलो. एक घासलेली क्लीट आणि एक कोरी. ओरखडा नाही म्हणून मी फोटो दाखवत फिरलो. खंडूने पेढा दिला. सॅक जड होती. सरांनी फोन घाईत ठेवला. सगळं एकेक करून डोक्यात बसत गेलं.

मालनला विचारलं, तुला माहीत होतं?

"तुम्हाला सोडून सगळ्यांना," म्हणाली. भाजी चिरत होती, मान वर केली नाही. "इथून तुमचे घालून जायची. कोपऱ्यापर्यंत सायकल हाताने न्यायची, तिथे बदलायची. येताना परत तुमचे. ऑगस्टपासून. मी म्हटलं तिला, सांगून टाक एकदा. तर म्हणाली, नको, ते रविवारी इतके मन लावून पुसतात."

मला खूप राग आला. मग तो कुणावर काढायचा तेच कळेना.

३० नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर घरात मी आणि श्वेता हवा-पाण्याचं बोलत होतो. आज तिला भात कालवून देत होतो, डाव्या हाताने तिला चमचा नीट धरता येत नाही. विचारलं, त्या दिवशी तुला कळलं होतं ना, प्लेट हलते ते?

"हो."

मग का घातलेस?

"तुम्ही आलात म्हणून." घास गिळला. "तुम्ही शिरा घेऊन, बस बदलत आलात. आल्याआल्या तुमचं लक्ष माझ्या पायाकडे. काळे बूट बघितले असते तर तुम्ही तिथेच उभे राहिला असतात, आणि काही बोलला नसतात. मला ते बघून चालवता आलं नसतं. वाटलं, एकच दिवस आहे, धरेल."

मी नसतो आलो तर?

"तर दुसरे घातले असते," म्हणाली. रागाने नाही. जसं आहे तसं. मग म्हणाली, "लोणचं द्या ना थोडं."

तेव्हा मी तिला मास्तरांच्या पोराची, पाचवीच्या वर्गातली गोष्ट सांगितली. मालन दारात येऊन उभी राहिली होती. श्वेता सगळं ऐकून म्हणाली, "पप्पा, हे आधी सांगितलं असतं तर मी तुमच्यासमोरच भांडले असते. चोरून नसते घातले." हे ऐकल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. चाळीस वर्षांपूर्वी मी बापाला सांगितलं नाही, आणि आता माझ्या पोरीने मला सांगितलं नाही. घराण्यात हेच एक न चुकता बसतं.

७ डिसेंबर, रविवार

काल चैत्यभूमीला आमच्या कारखान्याच्या पाण्याच्या स्टॉलवर उभा होतो. गावाकडचे लोक रांगेत पुढे सरकत होते, कितीकांच्या पायात चपलाही तुटक्या. एक म्हातारा भेगाळ पायांवर पाणी ओतून घेत म्हणाला, परभणीहून आलो, नातवाचे बूट घातलेत, जरा चावतात. हसत होता. मी त्याला बसायला खुर्ची दिली आणि दुसरीकडे तोंड केलं.

१४ डिसेंबर, रविवार

अंधेरीच्या दुकानात गेलो. या वेळी पेडलचा फोटो घेऊन. तेजलने लगेच ओळखलं, "आलेखवाले काका." प्लेट काढलेले बूट काउंटरवर ठेवले आणि जे झालं ते सगळं सांगितलं. परत घ्या म्हणायला नाही, का सांगितलं ते माहीत नाही.

तिने फोटो बघितला. म्हणाली, "काका, बुटात काहीच चूक नव्हती. पेडल बदलायचं. पाना लावला की पंधरा मिनिटांचं काम. फक्त डाव्या पेडलचे आटे उलटे असतात." मग तिचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं.

उलटे असतात ते मला माहीत आहे. पेडल बदलू असं श्वेताही म्हणाली होती, दहा ऑगस्टला, वहीत आहे. बूट छान आहेत असंही म्हणाली होती. मी फक्त पेडल फेकायचं का एवढंच ऐकलं. तिला ते बूट खरंच आवडले होते. पंधरा मिनिटांत ते तिचे झाले असते.

तीन बोल्टचं पेडल घेऊन आलो.

११ जानेवारी, रविवार

हात सुटला. खांद्यावर एक गाठ राहिलीय हाडाची, डॉक्टर म्हणतात राहणारच. सायकल गॅलरीत उलटी करून ठेवली, पाना लावला. उजवं पेडल सैल केलं आणि थांबलो. आत जाऊन श्वेताला विचारलं, कुठलं ठेवू?

ती बाहेर आली. नवं पेडल हातात घेऊन फिरवून पाहिलं. पांढरे बूटही घेऊन आली, एक पायात घातला, काढला. मी काही बोललो नाही. हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं.

"जुनंच राहू द्या पप्पा," म्हणाली. "काळ्यांची सवय झालीय."

बरं म्हटलं, आणि पेडल परत आवळलं. हाताला कडक लागलं, तरी दोनदा तपासलं. म्हणाली, नोव्हेंबरात मोठ्यांच्या गटातून उतरणार, चार वर्षं लागली तरी चालतील. म्हटलं, मी बघायला आलो तर चालेल? जरा विचार केला तिने. "या ना. फक्त आधी सांगून या."

दुपारी पांढरे बूट आणि नवं पेडल खोक्यात घालून अनिरुद्ध सरांच्या घरी गेलो. त्यांच्या दारात उभा राहून माफी मागितली, फोनवर बोललो त्याची आणि ऑगस्टपासूनची. ते म्हणाले, आत तरी या. चहा आला. म्हटलं, हे तुमच्याकडे असू देत, एखादी अडतीस नंबरवाली येईल तिला द्या. तिच्या बापाला आधी विचारा मात्र, वापरलेले चालतात का.

सरांनी एक बूट उलटा करून तळ बघितला. "वापरलेत कुठे हे," म्हणाले, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं.

एकदाच, असं मी सांगितलं.